वारसा, पिवळ्या फरशीचा

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाची अंतिम लढत झाली. २ नोव्हेंबर २०२५ ला हरमनप्रीत कौरच्या भारतीय महिला संघाने तिथेच क्रिकेटचा विश्वचषक उचलला. मोठ्या स्पर्धा शहराला वारसा देऊन जातात म्हणे. आमच्या सेक्टरच्या वाट्याला आली ती अंधांसाठीची पिवळी, उठावदार फरशी. काठीला धरून ती नाकासमोर नेते, थेट विजेच्या डीपीवर. पुढे व्हीलचेअरचा रॅम्प; त्याच्या तोंडाशी लोखंडी खांब, मोटारसायकली घुसू नयेत म्हणून. मोटारसायकली बाजूने घुसतातच. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडलबर्गला पॅरालिम्पिकचं सुवर्ण मिळवलं, ते पोहून. शहाणा माणूस! पाण्यात फुटपाथ नसतो.