बेगमी

नव्या फ्लॅटच्या सत्यनारायणाला मी यजमान म्हणून पाटावर बसलो. वय पंचावन्न. चौथ्या अध्यायात नौका बुडाली, तिच्याबरोबर माझा डावा पायही. पुढे नौका वर आली, पाय आला नाही. गुरुजी म्हणाले, "आरतीला उभे राहा." आधाराला चौरंगाचा केळीचा खुंट धरला, तर तोच माझ्याबरोबर खाली आला.

८१ वर्षांची आत्या मांडी मोडून, हात न टेकता उठली आणि तिने खुंट सरळ केला. मला मात्र तिघांनी उचललं.

भाचा फिजिओथेरपिस्ट. शिरा खाता खाता म्हणाला, "मामा, तुम्ही नापास." ब्राझीलच्या डॉ. क्लॉडिओ अरौजो यांनी म्हणे अशीच परीक्षा घेतली होती. जमिनीवर बसायचे ५ गुण, उठायचे ५. हात किंवा गुडघा टेकला की एक गुण गेला, तोल गेला की अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २,००२ जणांचा निकाल २०१२ साली छापून आला. कमी गुणवाल्यांत पुढच्या काही वर्षांत दगावणारे जास्त निघाले. हे ऐकून शिरा घशाखाली उतरेना.

लगेच परीक्षा झाली. मला २, आत्याला साडेनऊ. लुगड्यात पाय अडकला म्हणून कापलेला अर्धा गुण तिला अजून मान्य नाही.

तिशीनंतर दर दहा वर्षांत तीन ते आठ टक्के स्नायू घटतात, साठीनंतर आणखी भराभर. दहा दिवस अंथरुणाला खिळलं तर धडधाकट म्हाताऱ्याच्याही पायांतले किलोभर स्नायू जातात. म्हणजे पावसाळ्याआधीच बेगमी हवी. पण ही काही लोणच्याची बरणी नव्हे. दादरा बांधून ठेवली की आतलं कमीच होतं.

आत्याने बेगमी केली ती हौसेने नव्हे. घरात नळ नव्हता, म्हणून ती कळशी घेऊन चढ चढायची. आम्ही नळ आणला, मग डायनिंग टेबल, कमोड आणि लिफ्ट. जमिनीशी संबंध उरला तो टाचणी पडली तरच, आणि तीही बायको उचलते.

आता आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून उठाबशा काढतो, पाण्याचे कॅन उचलतो. "शाळेत हीच शिक्षा होती ना?" असं बायको विचारते. ताटात उसळ आणि अंडं वाढलं, भात घटला. जेवण पाटावर.

परवा पुन्हा परीक्षा दिली. दहापैकी साडेतीन. आत्या म्हणाली, "पस्तीस टक्के. काठावर का होईना, पास झालास."