दहा नावं आणि बारा कागद

१९ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री काकाजी नायलॉनची थैली घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसले. उजाडलं की उमरेड विधानसभेचं मतदान, आणि आमचं भिवापूर त्यातच येतं. थैली त्यांनी पालथी केली. खताच्या पावत्या, मिरचीची काटापट्टी, विजेचं बिल, रबर लावलेला जुन्या कार्डांचा गठ्ठा आणि सगळ्यांत वर, प्लास्टिकमध्ये जपलेलं रेशन कार्ड.

"यातलं काय चालते, तेवढं सांगून दे."

मी ऐटीत मोबाइल काढला. मतदार कार्ड नसेल तर निवडणूक आयोगाला आणखी बारा कागद चालतात. आधार, पॅन, लायसन, पासपोर्ट, फोटोवालं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, पेन्शनचा फोटोवाला कागद असं वाचत वाचत मी आमदार-खासदारांच्या ओळखपत्रापर्यंत आलो.

"त्याइले भी दाखवा लागते? त्याइचे फोटो तं चौकाचौकात हायेत."

"रेशन कार्ड मात्र नाही चालत, काकाजी."

काकाजी गप्प झाले. मग म्हणाले, "ज्या कार्डावर सरकार तांदूळ देते, त्या कार्डावर मत काऊन नाही घेत?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अन्न सुरक्षा कायद्यानं २०१३ पासून रेशन कार्डावर घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख असते, म्हणजे ते कार्ड तसंही काकूंचं, एवढी आठवण मी करून दिली. कार्ड झपकन थैलीत गेलं.

मग मतदार यादीचं काम पाहणाऱ्या बीएलओ बाईंनी घरी आणून दिलेली मतदार चिठ्ठी निघाली. नुसत्या चिठ्ठीवर २०१९ पासून मतदान होत नाही. कोणतं केंद्र, कोणती खोली, यादीत कितवा नंबर, एवढंच तिच्यावरून कळतं. आणि यादीत नावच नसेल तर बाराच्या बारा कागद गळ्यात घालून गेलात तरी उपयोग नाही. कार्ड म्हणतं, तुम्ही तुम्हीच आहात. तुम्हाला मत आहे की नाही, ते यादी म्हणते. लोकांना हे पटत नाही. कार्ड आपल्या खिशात असतं, यादी सरकारकडे. माणूस खिशावर विश्वास ठेवतो.

काकाजींची खरी काळजी वेगळीच होती. मतदार कार्डावर ते रामभाऊ, आधारवर रामाजी, पासबुकावर रामराव आणि सातबाऱ्यावर नुसते रामा. (बँकेनं 'राव' लावलं ते बहुधा कर्ज देण्याआधी.) निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांच्या काळात, १९९३ मध्ये, मतदार कार्डांचा हुकूम निघाला. कार्डाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की 'एपिक' होतं, म्हणजे महाकाव्य. महाकाव्यातल्या माणसाला एका नावानं भागतं कुठे? विराटाच्या मुलानं, उत्तरानं, बृहन्नडेला विचारलं, तू अर्जुन कशावरून? तेव्हा अर्जुनानं आपली दहा नावं अर्थासकट सांगितली आणि उत्तराची खात्री पटली. त्यानं झेरॉक्स मागितली नाही.

"लिहिण्यातली बारीकसारीक चूक असली तरी ओळख पटली की झालं," मी म्हणालो. "नंतर आठ नंबरचा फॉर्म भरून दुरुस्त करू."

"अन् एजंटानं हरकत घेतली तं?"

"त्याला दोन रुपये भरावे लागतात."

"दोनच? दोन रुपयात चाय भी येत नाही, अन् माणसाले खोटा म्हणता येते?" काकाजी उठले ते पुटपुटतच गेले.

सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत काकाजी माझ्या आधी पोचून, बोटाला शाई लावून, बाभळीखाली उभे होते. रामभाऊ म्हणूनच आत गेले होते. कुणी दोन रुपये खर्च केले नव्हते. मी गेटकडे निघालो आणि पोलिसानं हात आडवा केला.

"मोबाइल बाहेर. शंभर मीटरच्या आत चालत नाही."

"अहो, पण माझं आधार, लायसन, सगळं त्यातच आहे!"

"म्हणून तं बाहेर ठेवा म्हणतो. हरवलं बिरवलं तं?"

मागे रांग वाढत होती. आदल्या रात्री बारा कागद पाठ म्हणून दाखवणाऱ्या माणसाच्या खिशात त्यातला एकही नव्हता. काकाजींनी थैलीत हात घातला, गठ्ठ्याचं रबर काढलं आणि पत्ते पिसावेत तशी कार्डं पिसून त्यातलं एक माझ्या हातात ठेवलं. माझंच मतदार कार्ड! पहिल्यांदा निघालेलं. हरवलं म्हणून मी कधीचाच त्याचा नाद सोडला होता.

"खानदानाचे सारेच कागद मायाजवळ हायेत," ते म्हणाले. माझा मोबाइल त्यांनी रेशन कार्डाशेजारी ठेवून दिला.

आत टेबलामागच्या साहेबांनी कार्ड पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. फोटोत डोळे लाल, नाक पुसल्यासारखं, गालावर चक्क पाणी. नाव बरोबर, वडिलांचं बरोबर, यादीतला नंबरही बरोबर.

"तुम्हीच ना हे? रडता कशाला?"

"साहेब, फोटो काढला तेव्हा शेजारी मिरचीचा सातरा होता. शंभर बाया डेठ तोडत होत्या."

साहेब बाहेरगावचे, पण आदल्या दिवसापासून मुक्कामाला होते आणि रात्री जेवले गावातच. त्यांनी एकदा नाक ओढलं, समोरचा पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि माझं नाव मोठ्यानं वाचलं.