स्टुटगार्टचा दादा

जर्मनीला शिकायला निघालेल्या मराठी मुलाजवळ विमानात बसण्याआधी तीन गोष्टी असाव्या लागतात : व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट आणि तिकडचा एखादा दादा. पहिल्या दोहोंसाठी फॉर्म भरावे लागतात, फिया भराव्या लागतात, अपॉइंटमेंट मिळावी म्हणून रात्र-रात्र लॅपटॉपपुढे बसावं लागतं. दादा मात्र मावशीच्या जावेच्या ओळखीतून आपसूक मिळतो आणि पहिल्याच फोनवर विचारतो, "शनिवारी रात्री पोचतोयस? हे तिकीट काढायला कुणी सांगितलं तुला?"

शनिवारी रात्री पोचण्यात काय वाईट, हे नाशिकमध्ये बसून कळत नाही. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनातली चार-दोन दुकानं आणि पेट्रोल पंप सोडले तर साधं दूध मिळायची मारामार. "आमच्या बॅचला एक मुलगा होता," दादा सांगतो, "शनिवारी रात्री उतरला आणि अख्खा रविवार कोरडं मेतकूट चाटून काढला त्यानं. तू तसं करू नकोस."

हा 'एक मुलगा' लक्षात ठेवावा. दादाच्या बोलण्यात तो वरचेवर येतो.

दादा मूळचा सांगलीचा, नाशिकचा नाहीतर चिंचवडचा. शिक्षण मेकॅनिकलचं, कारण स्टुटगार्ट म्हणजे मर्सिडीज, पोर्शे आणि बॉशचं गाव. वय सव्वीस. जर्मनीत येऊन झाली मोजकी वर्षं. एवढ्या भांडवलावर तो विमा, वीज, हिवाळा, लग्न आणि युरोपियन युनियन यांपैकी कशावरही ठाम मत देऊ शकतो. खिशात घडी घातलेली कापडी पिशवी, किल्ल्यांच्या जुडग्यात सुपरमार्केटच्या ट्रॉलीत घालायचं प्लास्टिकचं नाणं आणि सॅकमध्ये बारमाही छत्री, हा त्याचा गणवेश. क्वचित दादाच्या जागी ताईही असते. तिच्या याद्या एक्सेलमध्ये असतात आणि तिला फसवता येत नाही.

दादाची खरी कारकीर्द सुरू होते ती मुलाची बॅग भरली जाते तेव्हा. व्हिडिओ कॉल लागतो. पलंगावर लाडवांचे डबे, गोडा मसाला, भाजणी, कुकर आणि मधोमध हताश झालेला वजनकाटा.

"काकू, ते पेढे काढा."

"अरे, कुलदैवताचा प्रसाद आहे तो."

"दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे, काकू. प्रसाद असला तरी. आणि त्या बरणीत काय, तूप? तेही काढा. मी इथे कढवून देईन त्याला."

काकू गप्प होतात. परक्या मुलुखात तूप कढवणारा मुलगा आहे, हे ऐकून त्यांचा अर्धा जीव भांड्यात पडतो. दादा मग बिनमिठाच्या लोण्याची पाव किलोची पाकिटं, मंद आच आणि खाली बसणारी बेरी यांचं असं वर्णन करतो की काकूच कागद-पेन्सिल घेतात. पाडव्याच्या श्रीखंडाचीही त्याची पद्धत ठरलेली आहे. जर्मन दुकानात क्वार्क नावाचा पदार्थ मिळतो, तो म्हणजे तयार चक्काच. "पण 40 टक्केवाला घ्यायचा. बिनफॅटचा स्वस्त दिसतो म्हणून घेतला तर श्रीखंड नाही, खडू लागतो. एक मुलगा होता, त्यानं त्याचंच श्रीखंड करून बारा जणांना जेवायला बोलावलं होतं." त्या दिवसापासून काकू मुलाला फोन करायच्या आधी दादाला करतात. "तो बरा आहे ना?" हे विचारायला.

मुलगा पोचला की दादा स्टेशनवर हजर असतो. गळाभेट वगैरे होत नाही. एका हातानं बॅग ओढत तो पहिला धडा देतो : पत्रपेटीवर नाव. जर्मनीत फ्लॅटला नंबर नसतो, पेटीवर आडनाव असतं. आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, टॅक्सचा नंबर, सगळं पोस्टानं येतं आणि नाव नसलं की आलं तसं परत जातं. दादा स्वतःच्या खिशातून चिकटपट्टी काढतो आणि मुलाचं आडनाव पेटीवर सुवाच्य अक्षरात चिकटवतो. त्यानंतर आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची, आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. मुलानं अजून कोट काढलेला नसतो.

पैशांच्या बाबतीत दादा विशेष कठोर असतो. व्हिसासाठी 11,904 युरो आधीच जर्मन खात्यात अडकवून ठेवलेले असतात आणि ते महिन्याला 992 या हिशेबानं सुटतात. पैसे बापाचेच, पण एक तारखेला खात्यात जमा झाले की पगार झाल्यासारखं वाटतं आणि नवा मुलगा सुशी खायला जातो. दादा त्याला तिथूनच उचलून आणतो. "जर्मनीत शिक्षण फुकट असतं ना?" हा प्रश्न गावाकडच्या काकांकडून आला की दादा दमून डोळे मिटतो. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेम्बर्गनं 2017च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना सत्राला 1,500 युरो फी लावली आहे. "एक मुलगा होता. त्याला हे कळलं ते फी भरायचं पत्र हातात आल्यावर."

पत्र वाचणं ही दादाची खास विद्या. जर्मन सरकारला तुमच्याशी जे काही बोलायचं असतं, ते ते कागदावर बोलतं. एका संध्याकाळी नवा मुलगा खिडकीचं पाकीट घेऊन दादाच्या खोलीत येतो. त्याचा चेहरा उतरलेला असतो. दादा हात पुसतो, पाकीट सुरीनं सरळ कापतो, कागद दिव्याखाली धरतो. सुरुवातीची नम्र वाक्यं तो बोटानं बाजूला सारत जातो. "जर्मन पत्रात दोनच गोष्टी वाचायच्या. रक्कम आणि तारीख. बाकीचं व्याकरण आहे." बोट थांबतं. 18 युरो 36 सेंट, दर महिन्याला. रेडिओ-टीव्हीची वर्गणी.

"पण दादा, माझ्याकडे टीव्ही नाही."

"माहितीये."

"रेडिओपण नाही. मी मोबाइलवर फक्त आईशी बोलतो."

"घर आहे ना? मग भर. वर्गणी घराला आहे, टीव्हीला नाही." मग तो कागदाच्या कोऱ्या बाजूला भागाकार करतो. "फ्लॅटमध्ये चौघं आहात. एका घराची एकच वर्गणी. म्हणजे माणशी 4 युरो 59 सेंट. एकाच्या नावावर घ्या, बाकीच्यांनी त्याला द्या. आणि फेकू नकोस हे पत्र. एक मुलगा होता, त्यानं अशी तीन पत्रं जाहिरात समजून कागदाच्या डब्यात टाकली. पुढचं पत्र वसुलीचं आलं."

कचऱ्याचा विषय निघाला की दादाच्या आवाजात कीर्तनकाराची लय येते. ओला वेगळा, कागद वेगळा, पॅकिंगचं प्लास्टिक वेगळं, आणि ज्याचं काहीच ठरत नाही तो उरलेला कचरा वेगळा. काचेचे तीन डबे : पांढरी, तपकिरी, हिरवी. "मग निळी बाटली?" दादा या प्रश्नाची वाटच पाहत असतो. "निळी हिरव्यात." शिवाय काच रविवारी टाकायची नाही, आवाज होतो. ज्या बाटलीवर अनामत आहे ती तर कुठल्याच डब्यात टाकायची नाही. प्लास्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट परत मिळतात. वाढदिवसाची पार्टी संपली की पाहुणे निघतात आणि दादा बाटल्या मोजतो.

पण स्टुटगार्टचा कळस म्हणजे केरवोखे. जिना झाडायची आठवड्याची पाळी. पाळी आली की दारावर पाटी लटकते आणि त्या आठवड्यात जिना, पायऱ्या, कधी दारासमोरचा फुटपाथही आपला. दादा याचा इतिहासही सांगतो. ज्या 1492 साली कोलंबस हिंदुस्थान शोधायला निघून भलतीकडे पोचला, त्याच साली इथल्या एबरहार्ड नावाच्या सरदारानं स्टुटगार्टकरांना आपापली घाण आपण काढायचा हुकूम दिला. पहिल्या मजल्यावरच्या आजी त्या हुकमाची अंमलबजावणी आजही करतात. पाळी चुकली तर त्या भांडत नाहीत, फक्त पाटी काढून पुन्हा त्याच दारावर लावतात. "एक मुलगा होता, त्याच्या दारावर ती पाटी सलग तीन आठवडे होती."

फोडणीचा धडा वेगळा, आणि तो दादा प्रात्यक्षिकासह देतो. होस्टेलच्या स्वयंपाकघरात छताला धुराचा अलार्म असतो. त्याला मोहरी आणि आग यांतला फरक कळत नाही. म्हणून आधी खिडकी सताड उघडायची, मग तेल मध्यम तापवायचं, मिरची शेवटी घालायची. खिडक्यांचं त्याला एरवीही वेड आहे. थंडीत पारा शून्याखाली असताना तो हीटर बंद करून खिडकी पाच मिनिटं उघडतो, घरात ओल धरू नये म्हणून. रूममेट पांघरुणात असो, परीक्षेत असो की प्रेमात, वारा सगळ्यांच्या अंगावरून जातो. फोडणीच्या बाबतीत अर्थातच एक मुलगा होता. त्याच्या कांदेपोह्यांसाठी अग्निशमन दलाची पूर्ण गाडी आली होती.

अभ्यासाबद्दल दादा सर्वांत कमी बोलतो, आणि त्यातलं सगळं खरं असतं. इथे बहुतेक तासांना हजेरी नाही. इंजिनीअरिंगला 75 टक्के हजेरीसाठी खोट्या सह्या करून आलेल्या मुलाला हा स्वर्ग वाटतो. तो स्वर्ग फेब्रुवारीतल्या परीक्षेपर्यंत टिकतो. परीक्षेला बसायचं असेल तर आपणच वेळेत नाव नोंदवायचं, कुणी आठवण करत नाही. तीनदा नापास झालं की सहसा नावच कमी होतं. तास संपला की टाळ्या वाजवायच्या नाहीत, बाकावर टकटक करायची. आणि मार्क उलटे : 1.0 म्हणजे पहिला, 4.0 म्हणजे कसाबसा पास, त्यापुढे नापास. पहिल्या सत्राचा निकाल घरी कळवायची वेळ आली की मुलं दादाला शेजारी बसवतात, कारण "बाबा, वन पॉइंट सेव्हन" म्हटल्यावर पलीकडून हमखास प्रश्न येतो, "कितीपैकी?"

आता हा 'एक मुलगा' कोण, याचा हिशेब कधीतरी नव्या मुलांच्या डोक्यात येतोच. रविवारी उपाशी राहिलेला तोच, बिनफॅटचं श्रीखंड तोच, वसुलीचं पत्र तोच, पोह्यांची आग तोच. महिन्याच्या पासावर म्युनिकला जाताना आयसीई गाडीत चढून 60 युरो दंड भरलेलाही तोच. हा पास लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालतो, आयसीईला नाही. एका बॅचमधल्या एकाच मुलावर एवढी संकटं यावीत हे संख्याशास्त्राला धरून नाही. पण कुणी तसं तोंडावर म्हणत नाही. ज्या माणसानं दंड भरून विद्या मिळवली आणि ती फुकट वाटली, त्याच्याकडे पावत्या मागणं बरं दिसत नाही.

अडचण एवढीच की या विद्येला क्रेडिट नाहीत. मास्टर्सचे 120 क्रेडिट लागतात आणि दादाचे 90 झालेले आहेत. उरलेले 30 थिसिसचे. थिसिस कंपनीत करायचा, म्हणून दादा वर्षभर कंपनी शोधतोय. दर सोमवारी अर्ज करायला बसतो, तेवढ्यात कुणाचं तरी विमान लेट होतं, कुणाची तरी नोंदणीची अपॉइंटमेंट चुकते, कुणाच्या तरी काकूंना तुपाची आच किती ठेवायची ते विचारायचं असतं. त्यानं स्टेशनवरून आणलेली तीन मुलं दरम्यान पास होऊन नोकरीला लागली.

त्यांच्यातल्या एकाचा पहिल्या पगाराच्या संध्याकाळी घाबरून फोन आला. "दादा, एवढे पैसे कापले कसे?" दादानं पगारपत्रक मागवलं, झूम केलं आणि टॅक्स, पेन्शन, आरोग्यविमा, बेकारीविमा, शुश्रूषाविमा असं ओळीनं समजावून दिलं. "तू टॅक्स क्लास एकमध्ये आहेस. एकट्या माणसाचा तोच. तक्रार करू नकोस, म्हातारपणी कामाला येतील." स्वतः दादाला जर्मनीत पूर्ण पगार असा अजून मिळालेला नाही. गोदामात बाराएक युरो तासानं त्यानं खोकी उचलली आहेत, पण खोकी उचलणाऱ्याला टॅक्स क्लास कळू नये असं कुठं आहे?

तो मुलगा मग जरा चाचरत म्हणाला, "दादा, आमच्या टीमला थिसिसचा स्टुडंट हवाय. सीव्ही पाठवशील? आणि राग मानू नकोस, पण एका पानात बसव. तुझा चार पानांचा आहे. इथे कुणी वाचत नाही."

फोनवर बराच वेळ शांतता होती. दादाला आजवर कुणी सल्ला दिला नव्हता.

सीव्ही त्याच रात्री गेला. एका पानाचा. खाली मात्र त्याच्यानं राहवलं नाही : "आता स्वतःचं घर घेशील. सामान आत नेण्याआधी चारही भिंतींचे, फरशीचे आणि बाथरूमच्या कोपऱ्यांचे फोटो काढ. तारखेसकट. नाहीतर सोडताना आधीच्या भाडेकरूचे डाग तुझ्या डिपॉझिटमधून कापतात. मी काढले नव्हते."