वर येण्याची सोय

अमेरिकेत मिशिगनला राहणारे माझे एक मित्र निवृत्तीनंतर गॅरेजमध्ये पाणबुडी बांधताहेत. तिकडे हा छंद जुना आहे. जॉर्ज किट्रिज नावाचे निवृत्त नौदल अधिकारी छोट्या पाणबुडीचे आराखडेच विकायचे. आपल्याकडे निवृत्त माणूस फार तर गच्चीत कढीपत्ता लावतो.

बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, “ही बुडते कशी?” बुडण्यात कसलं आलंय कौतुक? लोखंडाला ते उपजतच येतं. विद्या लागते ती वर यायला. बॅलास्ट टाकीतलं पाणी दाबाच्या हवेने बाहेर ढकलायचं, म्हणजे पाणबुडी हलकी होऊन वर येते. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने भरलेली हवा पाण्यावर २४०० लिटर होते. चाळीस मीटर खाली दाब पाचपट, म्हणून तीच हवा जेमतेम ४८० लिटर. शिवाय शेवटची थोडी सिलिंडरातच बसून राहते. म्हणजे सिलिंडर अनेक हवेत. मग ते जोडायचे कसे?

मित्रांनी आधी सगळे एकाच नळीला जोडले. झालं एकत्र कुटुंब! एक सिलिंडर फुसफुसायला लागला आणि रात्रीत सगळ्यांची पुंजी संपली. आता प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्व्ह आणि पुढे हवा उलटी न येऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे. घरखर्चाला सगळ्यांनी द्यायचं, दुसऱ्याचं ओढायचं नाही.

त्यानंतर आठवडाभर ते सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधत होते. वहिनींनी दारातून विचारलं, “अहो, वर येणार असाल तरच पोळ्या टाकते.”

१८६३ साली फ्रेंचांनी ‘प्लाँजर’ नावाची पाणबुडी पाण्यात सोडली. तिचं इंजिनही हवेवरच चालायचं. त्यासाठी पोटात तेवीस टाक्या. माणसांना जागा उरली हेच नवल. एवढं करून पल्ला जेमतेम नऊ किलोमीटर! चार वर्षांनी पॅरिसच्या प्रदर्शनात तिची प्रतिकृती ज्यूल व्हर्नने पाहिली. पण आपल्या कादंबरीतली कॅप्टन नेमोची पाणबुडी त्याने विजेवर चालवली. शहाणा माणूस!

तुमच्याही डोक्यात असलं काही शिजत असेल तर सिलिंडर बाहेरच्या अंगाला बसवा, आत गळती झाली की केबिनचा दाब वाढतो. आणि एक सिलिंडर बाकीच्यांना अजिबात जोडू नका. त्याची नळी वेगळी, व्हॉल्व्ह वेगळा, आणि तो व्हॉल्व्ह बसल्या जागेवरून, अंधारातही, हाताला लागला पाहिजे.