उभा दंड

नटनट्यांच्या नावाखाली हल्ली एक ओळ असते. अभिनेत्री, मग एक उभी रेघ, उद्योजिका, पुन्हा रेघ, कंटेंट क्रिएटर, पुन्हा रेघ, आणि शेवटी स्टाइल, प्रवास किंवा श्वानमाता, त्या आठवड्यात जे फॉर्मात असेल ते. शब्दांबद्दल आमची तक्रार नाही. आमची नजर त्या रेघेवर आहे. व्याकरणात तिला दंड म्हणतात. आपल्याकडे पूर्णविराम आला इंग्रजी अमदानीत. त्याआधी पोथ्यांत अर्धा श्लोक झाला की एक दंड, श्लोक संपला की दोन. म्हणजे हे चिन्ह शतकानुशतकं एवढंच सांगत आलं की इथे संपलं, आता श्वास घ्या. नावाखालचा दंड मात्र सांगतो की काहीच संपलेलं नाही, श्वास घेऊ नका, लिंक खाली आहे. जुन्या नियमाने वाचलं तर 'अभिनेत्री ।' याचा अर्थ अभिनय इथे संपला असा होतो. आमचं म्हणणं असं, की जुना नियमच बरोबर आहे.

मुलाखत घेणारे तरीही विचारतात, "हे सगळं कसं जमवतेस?" उत्तर ठरलेलं. पॅशन आहे, टीम आहे, आई आहे. तारेवरची कसरत आहे, पण मजा येते. ही उपमा जरा जपून वापरावी. डोंबाऱ्याची पोर दोरीवर चालते तेव्हा तिच्या हातातली काठी आडवी असते, म्हणून तोल राहतो. इथे तीन काठ्या आहेत आणि तिन्ही उभ्या. हिशेबच मांडू. दैनंदिन मालिकेची शिफ्ट बारा-तेरा तासांची. सेट घोडबंदर रस्त्याला असो की मढला, जाण्यायेण्याचे दोन तास धरा, आणि तेही नशीब बरं असेल तर. उरले नऊ-दहा. त्यात झोप, जेवण, अंघोळ, आणि मुलाखतीपुरती आठवणारी ती आई. मग साड्यांचा ब्रँड, दोन रील, एक पॉडकास्ट आणि 'माझं सकाळचं रूटीन' हे बसतं कुठे? शिफ्टमध्येच. बाहेर लायटिंग चाललेलं असतं, सीन लेखकाकडून 'येतोय' असतो, तेवढ्यात मेकअप रूममध्ये रिंगलाइट लागतो. सीनचे कागद येतात. ते पालथे घालून कोऱ्या बाजूवर लिपस्टिक ठेवली जाते, कारण पांढऱ्यावर शेड खुलून दिसते. फोटो झाला की कागद सुलटे होतात आणि वाचले जातात, तेव्हा असिस्टंट दारावर टकटक करत असतो. याला जमवणं म्हणत नाहीत. एका कामाच्या वेळात दुसरं उरकणं म्हणतात, आणि कारकुनाने ते केलं की त्याला मेमो मिळतो.

पर्सनल स्टाइलचं तर विचारूच नका. बारा तास अंगावर असते ती साडी वाहिनीने मंजूर केलेली, टिकलीचा आकार लुक टेस्टमध्ये ठरलेला, मंगळसूत्र लांब की आखूड हे कथेतल्या सासूच्या स्वभावावर. नथ चापाची. केस तेवढे स्वतःचे, पण त्यांच्यावर ताबा कंटिन्युइटीचा. दोन इंच कापायचे तर आधी विचारावं लागतं. स्वतःची अशी स्टाइल उरते ती पॅकअपनंतर, जुना टी-शर्ट आणि मेकअप पुसलेला कापूस. तिला गिऱ्हाईक नाही. खपतं ते पात्राचं: मालिकेतली साडी, मालिकेतली नथ. आणि जे म्हणून 'मी निवडलेलं' असतं, ते बहुतेकदा बार्टर कोलॅबमधून आलेलं. फेसवॉश घ्या, रील द्या. गावगाड्यात याला बलुतं म्हणत. फरक इतकाच की बलुतेदाराला "मला हे मनापासून आवडतं" असं कॅमेऱ्यात बघून म्हणावं लागत नसे. आवड खरी किती हे मोजायची सोय, गंमत म्हणजे, आयकरात आहे. २०२२ च्या जुलैपासून प्रसिद्धीसाठी आलेली अशी वस्तू ठेवून घेतली आणि देणाऱ्याने वर्षात दिलेल्याची किंमत २० हजारांवर गेली, तर त्यावर १० टक्के कर कापला जातो. वापरून परत केली तर नाही. "याच्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही" हे सांगून झाल्यावर महागडं कॉफी मशीन दुसऱ्या दिवशी कुरिअरने परत जातं, आणि दिवस सुरू होतो.

यावर कुणी म्हणेल, नट पूर्वीही धंदा करतच होते. संगीत नाटकांच्या काळात कित्येक मंडळ्यांचे मालक नटच होते. होते ना. रंगवलेल्या पडद्यांसाठी, भरजरी शालूंसाठी कर्ज काढत आणि बुडत. पण ते कर्ज प्रेक्षकाला रंगमंचावर दिसायचं. माणूस नाटकापायी बुडायचा, नाटकाच्या जोरावर मेणबत्त्या विकायचा नाही. बरं, मालक सोडा, नोकरदार घ्या. बँकेत, पोस्टात, रेल्वेत नोकरी करून रात्री प्रयोग करणारे इथे पिढ्यान्‌पिढ्या झाले. दोन कामं त्यांनीही केलीच की. दुपारी लेजर, रात्री तिसरी घंटा. फक्त ही दोन कामं एकमेकांकडे ढुंकून बघत नसत. मध्यंतरात कुणी प्रेक्षकांना मुदत ठेवीचे दर सांगितले नाहीत. मरणाच्या प्रवेशात कुणी खिशातून पोस्टाची तिकिटं काढली नाहीत. व्हिजिटिंग कार्डावर 'कारकून । खलनायक' असंही कुणी छापलं नाही, आणि तसं छापलं असतं तर काउंटरवरच्या खातेदाराने पैसे दोनदा मोजून घेतले असते, तेही रास्तच. (भूलतज्ज्ञाने पाटीवर 'भूलतज्ज्ञ । गोधडी उद्योजक' लिहिलं तर आपण ऑपरेशनआधी एकदा तरी विचार करू.) त्या नटांची नोकरी अभिनयाला पोसत होती. आता अभिनय दुकानाची पाटी झालाय. मालिका चालू तोवर पाटीवरचा दिवा चालू; म्हणून मालिका सोडायची नाही, मग भूमिकेत करण्यासारखं काही असो वा नसो.

उरला एक आक्षेप, आणि तो खरा आहे: पोटाचं काय? इथे आमचा विनोद संपतो. मालिकेत मेहनताना ठरतो दिवसावर आणि हातात येतो ९० दिवसांनी. हे चोरूनमारून चालत नाही, करारात लिहिलेलं असतं. जानेवारीत ढाळलेल्या अश्रूंचे पैसे एप्रिलात, तेही १० टक्के कर कापून. दर गुरुवारी टीआरपी येतो. तो घसरला की पात्र जिन्यावरून पडतं, परदेशी जातं, नाहीतर अख्खी मालिका 'प्रेक्षकांचा निरोप' घेते. घराचा हप्ता मात्र ५ तारखेलाच जातो. किराणावाल्याला सांगून बघा, "तांदूळ द्या, पैसे ९० दिवसांनी." स्पॉटबॉयने साधा चहा उधारीवर आणलेला चालत नाही, आणि इथे तीन-तीन महिन्यांची मजुरी अडकवून ठेवणं ही 'इंडस्ट्रीची पद्धत'! मग बाई साड्या विकणार नाही तर काय करणार? जरूर विकाव्यात. लोणची घालावीत, मसाले कांडावेत. आमचं भांडण साड्यांशी नाहीच. नाइलाजाला मल्टिटास्किंगच्या मखरात बसवून त्याची आरती करतात, तिथे आमचं डोकं फिरतं. मजुरी वेळेवर द्यायची नाही आणि महिला दिनाला त्याच मजुराला उद्योजिका म्हणून शाल-श्रीफळ द्यायचं, याला निर्लज्जपणाशिवाय दुसरा शब्द नाही. वर ऑडिशनच्या आधी फॉलोअर किती ते विचारायचं. म्हणजे जी प्रसिद्धी मालिकेने तिला द्यायची, ती तिनेच घरून घेऊन यायची, हुंड्यासारखी. दंडाचा मराठीत आणखी एक अर्थ आहे, तो चलानवर छापलेला असतो. नावाखालच्या ओळीत तोच अर्थ लागू पडतो, आणि तो दंड भरणारी व्यक्ती रेघांच्या दोन्ही बाजूंना एकच आहे.

तेव्हा पुरवण्यांत मुलाखती घेणाऱ्यांना एक विनंती. "कसं जमवतेस?" हा प्रश्न पाचेक वर्षं बाजूला ठेवा. त्याऐवजी विचारा, "मागच्या मालिकेचे पैसे पूर्ण आले का?" ती हसेल, टीमकडे बघेल, रेकॉर्डर बंद करायला सांगेल, आणि मग पहिल्यांदाच न थांबता बोलेल. छापायला मात्र काही मिळणार नाही. शेवटी ती म्हणेल, "हे नका हं लिहू, पुढचं काम जाईल."