दुभती नारिंगी, भाकड हिरवी

म्हशीचा रंग काळा असतो हा समज आता सोडून द्यावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दप्तरी ती नारिंगी आहे.

मंडळ उद्योगांना त्यांच्या उपद्रवाप्रमाणे लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा असे रंग देते. तबेले आणि गोशाळांसाठी 2020 मध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या, 2021 मध्ये त्या सुधारल्या गेल्या. त्यांत दुधाचा धंदा करणारा गोठा नारिंगी ठरला आणि गोशाळा हिरवी. म्हणजे गाय दूध देते तोवर तिचे शेण नारिंगी. ती आटली, गोशाळेत दाखल झाली, की त्याच पोटातले, त्याच कडब्याचे शेण हिरवे. धंद्याच्या गोठ्यात धुण्या-विसळण्याला पाणी जास्त लागते, हा त्यामागचा हिशेब असेलही. पण तो नाल्याला कोणी समजावून सांगायचा? नाला रंगआंधळा आहे. येईल ते पोटात घेतो आणि पुढे नदीकडे पाठवतो.

याच सूचनांत जनावराच्या पोटाचाही हिशेब आहे. चारशे किलो वजनाचे जनावर दिवसाला 15 ते 20 किलो शेण टाकते आणि जवळपास तितकेच लिटर मूत्र. मुंबईची आरे वसाहत वसवली गेली सुमारे 16 हजार जनावरांसाठी. कमीत कमी आकडा धरला तरी रोजचे 240 टन शेण झाले. शासनाच्या कुठल्याही खात्यात इतका नियमित पुरवठा दुसरा नसेल. त्याचे काय करावे, तेही लिहून ठेवले आहे: गांडूळखत करा, बायोगॅस करा, शेणाची लाकडे करा, पण नाल्यात सोडू नका. हे सारे करायला जागा कुठली, हा प्रश्न तेवढा सूचनांच्या कक्षेबाहेरचा.

गोठ्याच्या जागेबद्दल मात्र नियम आहेत. नवा गोठा घरांपासून 200 मीटर आणि शाळा-इस्पितळांपासून 500 मीटर लांब हवा. मुंबईत पाचशे मीटरच्या परिघात एकही शाळा, क्लास किंवा नर्सिंग होम नाही अशी जागा आहे, नाही असे नाही. फक्त तिथे जायला होडी लागते.

तसा हा अंतराचा खेळ जुनाच. शहरातले तबेले घाण करतात म्हणून 1949 मध्ये आरे वसवली. म्हशी रानात गेल्या, शहर स्वच्छ झाले आणि स्वच्छ झाल्यामुळे वाढत वाढत म्हशींच्या मागोमाग रानात आले. चित्रनगरी आली, टॉवर आले, मेट्रोची कारशेड आली. मग शहराने नाकाला रुमाल लावून विचारले, ‘इथे म्हशी कशा काय?’ शहरी भागात गुरे पाळण्यावर नियंत्रण आणणारा राज्याचा कायदा 1976 चा. तबेले डहाणू तालुक्यात दापचरीला हलवण्याचा विषय तर वर्षानुवर्षे निघतो आहे. दापचरीकरांनी सावध राहावे. म्हशी आल्या की मागून टॉवर येतात.

आता नाले जिच्याकडे सारे पाठवतात, त्या मिठी नदीकडे वळू. विहार आणि पवई तलाव भरून वाहतात, त्या पाण्याची ही नदी. आपल्या गावात नदी आहे हे मुंबईला 26 जुलै 2005 रोजी कळले, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडल्यावर. ओळख पटल्याबरोबर पुढच्याच महिन्यात नदीसाठी प्राधिकरण स्थापन झाले. नदीला प्राधिकरण मिळाले, प्राधिकरणाला गाळ मिळाला, गाळाला कंत्राट मिळाले. पुढे 2025 मध्ये त्या गाळाच्या बिलांवरून आर्थिक गुन्हे शाखेत गुन्हा दाखल झाला. न उपसलेल्या गाळाचे पैसे उचलल्याचा आरोप आहे. खरे-खोटे न्यायालय ठरवेल. म्हशीवर अजून असा आरोप झालेला नाही. तिचा माल रोज प्रत्यक्ष जागेवर हजर असतो.

मिठीत येणारी घाण मुख्यतः माणसांच्या सांडपाण्याची. तिच्यात कारखान्यांचे पाणी, भंगाराच्या गोदामांतले तेल आणि तबेल्यांचे शेण मिसळते. या सर्वांत पकडायला सोपी कोण? म्हैस. तिच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो. ती खोटा पत्ता देत नाही, तिचा वकील नसतो. गटाराच्या कानाला बिल्ला कुठे लावायचा?

साहेब तबेल्यावर तपासणीला येतात तेव्हा साधारण असा संवाद होत असावा:

‘शेण कुठं टाकता?’

‘खड्ड्यात, साहेब.’

‘खड्डा कुठंय?’

‘अर्जाला नकाशा जोडलाय, त्यात.’

‘आणि पावसाळ्यात?’

‘पावसाळ्यात खड्डाच जातो नदीला.’

साहेब ‘शेणाची विल्हेवाट लागते’ अशी नोंद करतात. नोंद खोटी नसते.

गंमत म्हणजे हेच शेण घाट चढून वर गेले की माल होतो. नाशिकचा द्राक्षबागायतदार शेणखताची ट्रॉली पैसे मोजून उतरवून घेतो. देशावरचा शेतकरी धनगराला धान्य देऊन मेंढ्या शेतात बसवतो, रात्रभराच्या लेंडीखतासाठी. एका टोकाला ज्याचे पैसे मिळतात, त्याचाच दुसऱ्या टोकाला दंड होतो. मधे फक्त टेम्पोचे भाडे आहे. ते कोणी भरायचे, एवढे एक वाक्य सोडून नियमांत सगळे आहे.

भाडे शासन भरेल म्हणावे, तर शासनाचा जीव देशी गाईत. सप्टेंबर 2024 मध्ये तिला ‘राज्यमाता’ हा मान मिळाला आणि गोशाळेतल्या देशी गाईमागे रोज 50 रुपयांचे अनुदान ठरले. मुंबईचा चहा जिच्या दुधावर उकळतो, ती म्हैस या नात्यात कुठेच बसत नाही. मातेला अनुदान, मावशीला नोटीस.

तेव्हा माझी एक नम्र सूचना आहे. दहा लिटर दूध देणारी म्हैस वीस किलो शेण टाकत असेल, तर लिटरमागे दोन किलो शेण हे गिऱ्हाइकाचेच देणे लागते. तबेलेवाल्याने ते रोज सकाळी दुधाच्या पिशवीसोबत दारात पोचवावे. मग पाहा! ज्या प्रश्नावर मंडळ, महापालिका आणि न्यायालये थकली, त्यावर सोसायटीची तातडीची सर्वसाधारण सभा त्याच संध्याकाळी भरेल. जन्मात पहिल्यांदा गणसंख्या पूर्ण होईल. नाशिकच्या टेम्पोचा विषय निघेल आणि वर्गणीचा आकडा ऐकून बारगळेल. शेवटी ठराव एकमताने मंजूर होईल: शेण आपल्या गटारात टाकण्यास सक्त मनाई आहे, सभासदांनी ते शेजारच्या सोसायटीच्या गटारात टाकावे.