घरचं ते घरचं!

दिवाळी जवळ आली की घरोघरच्या आईच्या अंगात स्वावलंबन संचारतं. तयार आकाशकंदील आणणं म्हणजे संस्कारांशी फारकत! मग बांबूच्या कामट्या, जिलेटीन पेपर, दोरा अशी खरेदी होते आणि विकतच्या कंदिलापेक्षा चार पैसे जास्त मोजून बचत साधली जाते. कामट्या तासायला बाबा, खळ शिजवायला आजी, शेपट्या कापायला मुलं. आणि 'मी घरीच केला हो' म्हणायला आई.

पुढचा नंबर चकलीचा. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली 'रुचिरा' हे पाककृतींचं पुस्तक लिहून वाटी-चमच्याचं नेमकं माप हातात दिलं. तरी बहुतेक घरांत 'अंदाज' हाच मुख्य घटक. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी पडलं की दातांची परीक्षा घेते. विरघळलेली चिवड्यात खपते, कडक झालेली पाहुण्यांच्या ताटात. 'छान झालीय' याखेरीज दुसरं मत नोंदवायची सोय नाही.

आईला हसणं सोपं आहे. पण हाच कंदील आणि हीच चकली 'हँडमेड'ची चिठ्ठी लावून प्रदर्शनात मांडली, की आपण दुप्पट पैसे देतो आणि चवीबद्दल अवाक्षर काढत नाही. तेव्हा टीकाकारांना एकच विनंती: चकलीला नावं खुशाल ठेवा, फक्त त्याआधी भाजणीचं घट्ट पीठ भरून सोऱ्या एकदा दाबून बघा.